काठ ओलांडलेलं मीठ

मास्तर,

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असा निरोप आला. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कुठे केलीस हे बाकीचे लिहितील. ती माणसं शिकलेली, त्यांना ते जमतं. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. मला तुझ्याविषयी काही लिहायचं नाही, मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं पडलं आहे आणि तू मधूनच उठून गेलास, ही काय रीत झाली?

आधी हे सांगतो, की काल भिंत वाजली.

कुठली भिंत ते तुला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांना कळावं म्हणून लिहितो. फरीदाबादचं हे सेक्टर म्हणजे नुसती नंबर घातलेली माती होती, तेव्हा आपण शेजारी शेजारी प्लॉट घेतले. विटा वाचाव्यात म्हणून दोन घरांत मिळून एकच भिंत घातली. तिकडे तुझं स्वयंपाकघर, इकडे माझी बसायची खोली. पाच वाजता चहा झाला की तू चमच्याने भिंतीवर दोनदा वाजवायचास. टक, टक. की मी चपला अडकवून निघालोच. सगळी कॉलनी तुला सर म्हणायची. मी मास्तर म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो, कारण वयाने मी मोठा. तू मात्र मला शेवटपर्यंत 'आप्पा, तुम्ही' म्हणालास, आणि त्या 'तुम्ही'मधून जेवढे टोमणे मारता येतील तेवढे मारलेस.

काल पाचच्या सुमाराला टक झालं. जरा थांबून पुन्हा टक.

आमची ही, शांता, भाजी निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. मी उठलो, चपला घातल्या आणि तुझ्या दारापर्यंत गेलो. दाराला कुलूप. सुनंदावहिनी लेकीकडे नागपूरला गेल्या, आता तिकडेच राहणार. कुलपाला पावसाने गंज धरला आहे. मी ते हलवून पाहिलं. का हलवलं, विचारू नकोस.

घरी येऊन भिंत नीट बघितली. तुझ्या बाजूचा लोणा, इथले लोक शोरा म्हणतात तो, आता इकडे फुटला आहे. रंगाखाली फुगे आलेत, फुगा फुटला की पापुद्रा सुटतो आणि खाली माझी लोखंडी ट्रंक आहे तिच्यावर पडतो. टक. हे सगळं तूच मला समजावलं होतंस. "आप्पा, इथलं पाणी खारं. विटा ते पितात. पाणी भिंतीत वर चढतं, मिठाला बरोबर घेऊन चढतं. वर आल्यावर पाणी उडून जातं. मीठ बिचारं कुठे जाणार? ते राहतं."

बरं, मानलं. पण चहाच्या वेळेला, आणि दोनदाच, हे त्या मिठाला कोणी शिकवलं? योगायोग म्हणशील. चष्मा पुसत म्हणशील.

चष्म्याचं पुढे येतं.

आपलं भांडण सुरू कुठून झालं ते मला लख्ख आठवतं. मी कामाला होतो तो, गाड्यांच्या भागांना चकाकी चढवणारा प्लेटिंगचा कारखाना बंद झाला, तेव्हापासून. बाहेरच्या कंपन्यांच्या गाड्या आल्या, त्यांचे भाग चकाकूनच यायचे, आम्हाला कोण विचारतो? मालकाने जागा शोरूमला दिली. शेवटच्या दिवशी आम्ही उरलेलं तेजाब, म्हणजे ॲसिड, आणि उरलेलं कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा, मागच्या खड्ड्यात एकत्र ओतलं. उभा जन्म मी त्या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवलं होतं. तेजाबाने माझ्या हातांवर सह्या केल्या आहेत, कॉस्टिकने तळव्यांची सालं काढली आहेत. दोघं एकत्र आले तसा खड्डा गुरगुरला, वाफा आल्या, आम्ही मागे पळालो. आणि मग एकदम गप्प. कितीतरी वेळ मी बघत उभा राहिलो. मला वाटलं, आत काहीतरी दबा धरून बसलंय.

काही दिवसांनी हिशेब घ्यायला गेलो, तर ओस पडलेल्या आवारात एक गाय खड्ड्याच्या काठावर मान घालून काहीतरी चाटत होती. पांढरी कड होती तिथे, दुधाच्या सायीसारखी. मी तिला दगड मारून हाकललं. ती जाईना. वळून वळून येई.

संध्याकाळी तुला सांगितलं. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"हाकललंत ते बरं केलंत, आप्पा. त्यात तुमच्या कारखान्याची घाणही आहे. पण ती चाटत होती ते मीठ."

"कसलं मीठ?"

"तेच, जे आत्ता तुमच्या चिवड्यात आहे."

"दोन विषं मिळून जेवणातलं मीठ होतं? हे पोरांना शिकवतोस?"

"शिकवतो."

"आणि पगार घेतोस?"

"वेळेवर."

"मग तेजाब गेलं कुठे?"

"त्यातच आहे. आणि नाहीही."

"हे भुताखेताचं बोलणं झालं. आणि तू म्हणे विज्ञानवाला."

वहिनी आतून ओरडल्या, "अहो, एकदाचं करून दाखवा ना त्यांना! रोज हेच ऐकून माझं डोकं पिकलंय."

करून दाखवलंस. माझ्या कारखान्यातलं नको म्हणालास, शाळांना सामान पुरवणारं दिल्लीतलं दुकान शोधून शुद्ध माल आणलास, स्वतःच्या खिशातून. सुट्टीचा दिवस होता, भर दुपार, लाइट गेलेली, बाहेर भाजून काढणारी लू वाहत होती. ओट्यावर काचेचं भांडं. वहिनींकडून हळद घेऊन तू कागदाच्या पट्ट्या रंगवल्या होत्यास. कॉस्टिकच्या पाण्यात पट्टी बुडवलीस तर ती लाल झाली, कुंकवासारखी. शांता "अगंबाई" म्हणून मागे सरकली. मग तू नळीने थेंब थेंब तेजाब सोडायला लागलास. माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला होता. तू म्हणालास, "भांड्याला हात लावून बघा." लावला. गॅस बंद, काडी ओढलेली नाही, आणि भांडं तापलेलं. ताप आलेल्या माणसाचं कपाळ लागतं तसं.

मास्तर, मी भट्ट्या पाहिल्या आहेत, पण विस्तवावाचून तापलेली वस्तू हाताला लागली की पाठीतून काहीतरी सरकत जातं. तू बघत होतास माझ्याकडे, म्हणून मी हात काढला नाही.

नवी पट्टी बुडवूनही पिवळीच राहिली तेव्हा तू थांबलास. पाणी आटवलंस, थोडं राहिलं ते काचेच्या बशीत ओतून फळीवर ठेवलंस. "आता याला हात लावू नका. याचं हे करू दे." पुढच्या रविवारी चमच्याचा टक टक आला तो नेहमीपेक्षा जोरात. बशीत खडे होते. चौकोनी. एकेक असा, की कोणी बसून कापलाय, कडा घासल्यात, कोपरे जुळवलेत. मी विचारलं, हे कोणी केलं? तू म्हणालास, कोणी नाही. हेच तर मला आवडलं नाही. कोणी नाही, तर मग बशीला चौकोन कसा माहीत?

तू चार खडे उचलून तळहातावर ठेवलेस आणि हात माझ्यापुढे धरलास. "घ्या आप्पा. चाखा."

मी म्हणालो, "मीठ हातावर देत नाहीत. भांडण होतं."

"आपण आणखी काय करतोय?"

"नियम तो नियम. खाली ठेव, मग बघतो."

तू खाली ठेवलं नाहीस. म्हणालास, "हातावरूनच घ्यायचं. त्याशिवाय मी जिंकलो नाही." तू पण काही कमी हट्टी नव्हतास, हेही कोणीतरी लिहिलं पाहिजे. मग तू ते स्वतःच्या तोंडात टाकलंस. मी पूर्ण संध्याकाळ तुझं तोंड बघत बसलो. तू म्हणालास, "मरत नाहीये मी. चहा गार होतोय तुमचा."

मी घाबरलो नव्हतो. हे छापून येऊ दे.

तेव्हापासून ती बशी फळीवरच राहिली. तू तिला पाणी पाजायचास, सकाळी पेपर वाचायच्या आधी दोन चमचे. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे लोक तुळशीला घालतात, हे मिठाला घालतात." आणि मीठ चढायला लागलं. आधी बशीच्या आतल्या बाजूने, मग काठावर, मग काठावरून बाहेर. पांढरी बोटं बाहेर आल्यासारखी. वहिनी पुसायच्या, ते पुन्हा यायचं. तू खूश. "बघा, स्वतःच्याच अंगावर पाय देऊन वर चढतंय." शांता त्या फळीकडे पाठ करून बसायची. मी तोंड करून बसायचो. एखाद्या जनावरावर नजर ठेवावी तशी.

दर रविवारी हात पुढे. "घ्या आप्पा." दर रविवारी माझं तेच उत्तर. वर्षं गेली. आजूबाजूला मजल्यांवर मजले चढले, रस्त्यावर काचेची दुकानं आली, सुटं जाडं मीठ जाऊन पाकिटातलं आलं, आपल्या दोघांच्या पोरांची लग्नं झाली. तुझा हात आणि माझं नाही, दोन्ही जागच्या जागी.

एकदा तू मला फरक समजावला होतास, तो मी तेव्हा नीट ऐकून घेतला नाही. विरघळणं वेगळं, बदलणं वेगळं. मीठ पाण्यात विरघळलं तर दिसत नाही, पण पाणी घालवलं की जसंच्या तसं परत. लाकूड जळलं तर ते बदललं, राखेतून लाकूड परत येत नाही. मी म्हणालो, एवढं तर बैलालाही माहीत आहे. तू म्हणालास, "मग सांगा, तेजाबाचं काय झालं? विरघळलं की बदललं?" मी म्हणालो, उद्या सांगतो. उद्याचं तसंच राहून गेलं.

उन्हाळ्यात तुला दवाखान्यात नेलं त्या सकाळी तू बशी काठोकाठ भरलीस. धाप लागलेली, भिंत धरून उभा, तरी भरलीस. "मी येईपर्यंत पुरेल." चष्मा फळीवर काढून ठेवलास तो तिथेच राहिला. तिकडे तुला त्याची गरज पडलीच नाही, डोळे फारसे उघडलेच नाहीस.

सरणावर तुला ठेवलं, आग लागली, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं रे. लोक नाव घेत होते, तुझा जावई रडत होता, आणि मी तुला विचारत होतो, मास्तर, हे विरघळणं की बदलणं? दुसऱ्या दिवशी राख गार झाल्यावर अस्थी वेचल्या. पांढऱ्या, खरखरीत, बोटाला चिकटणाऱ्या. तू सांगितलेलं आठवलं, की हाडांत राहतात ते क्षारच. पाणी गेलं होतं. राहणारं राहिलं होतं. मी बोटं धोतराला पुसली नाहीत. घरी येऊन नळाखाली धरली, आणि पाणी वाहून गेलं तरी कितीतरी वेळ ती तशीच धरून बसलो.

तेराव्यानंतर वहिनींनी मला आत बोलावलं. "आप्पा, जरा इकडे या. मला भीती वाटतेय."

फळीकडे बोट दाखवलं. मधल्या दिवसांत तिकडे कोणी फिरकलंच नव्हतं, आणि ती सगळी लू त्या खिडकीतून आत येत होती. बशी कोरडी पडलेली. मीठ काठ ओलांडून खाली उतरलं होतं, फळीवरून चालत गेलं होतं आणि चष्म्यापाशी पोचलं होतं. काड्यांवर चढलं होतं. कानामागे जिथे काडी वळते, तिथे दोन्ही बाजूंना पांढरा थर. काचा मात्र स्वच्छ. काचांमधून पलीकडची भिंत दिसत होती. मला वाटलं, त्या काचांमधून पलीकडूनही कोणी बघत असेल तर त्याला मी दिसत असणार.

मी जवळ जाऊन पाहिलं. कानामागचं मीठ बशीतलं, की तुझ्या घामाचं? उन्हाळाभर तुझ्या कानशिलावरून ओघळलेला घामही तिथेच वाळला असणार. मी बराच वेळ बघत राहिलो. वेगळं ओळखता येईना. तू असतास तर म्हणाला असतास, "वेगळं नाहीच ते, आप्पा."

वहिनी म्हणाल्या, "कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. घरात ठेवून झोप लागत नाही. घर तर बिल्डरला दिलंय, ते लोक फेकूनच देतील. तुम्ही हे यमुनेत सोडून याल? पाण्यात गेलं म्हणजे सुटलं."

मी हो म्हणालो. शब्द दिला. त्यांनी बशी आणि चष्मा उचलून माझ्या हातात दिला नाही, खाली जमिनीवर ठेवला. "मीठ हातात देत नाहीत," म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावला.

मी दुपारी रिक्षाने कालिंदी कुंजच्या पुलावर गेलो. बशी फडक्यात गुंडाळून मांडीवर, चष्मा वरच्या खिशात. नदीवर पांढरा फेस तरंगत होता, ढीगच्या ढीग, आवाज न करता सरकत. त्या फेसात एक माणूस छातीभर उभा होता, काय करत होता कोण जाणे, नुसतं डोकं आणि खांदे. मी कठड्यावर बशी ठेवली. ढकलायचं तेवढं बाकी. आणि तू बोललास. कानात वगैरे नाही, मला असले भास होत नाहीत. पण बोललास. पाण्यात गेलं की दिसत नाही, एवढंच. सुटत नाही, आप्पा.

बरोबरच आहे. पुढे कुठेतरी पाणी आटणार, आणि कुठल्यातरी काठावर ते पुन्हा पांढरं होऊन बसणार. तिथे गाय येणार. मग सोडून आलो, सुटलं, असं वहिनींना खोटं कशाला सांगू? नदीत सोडलं म्हणजे सुटलं, हे जर खरं नसेल, तर सोडण्यात काय अर्थ? मी फडकं पुन्हा गुंडाळलं. रिक्षावाला म्हणाला, "क्या हुआ बाबूजी, भूल गए कुछ?" मी म्हणालो, हां, भूल गया.

वहिनींना अजून सांगितलेलं नाही. हे वाचून त्यांना कळेलच.

बशी आता माझ्याकडे आहे, भिंतीच्या या बाजूला, बरोबर तुझ्या फळीच्या पाठीमागे. मी तिला पाणी घालतो. शांता म्हणते, "आता तुम्ही पण सुरू झालात." चष्मा बशीच्या शेजारी ठेवला आहे, जसा होता तसा, काड्या उघड्या. पावसाळी हवेने मीठ दिवसा ओलं होतं आणि ऊन पडलं की पुन्हा वाळतं, पुन्हा थोडं पुढे येतं. या खेपेला भिंतीच्या दिशेने चाललं आहे. तिकडून भिंतीतलं इकडे येतंय. दोघांमध्ये आता वीतभर अंतर उरलं असेल.

बिल्डरचा माणूस परवा येऊन गेला. भिंतीवर टिचक्या मारून म्हणाला, "बाबूजी, इसमें तो शोरा लग गया है, पूरी दीवार गिरानी पड़ेगी." मी म्हणालो, भिंत अर्धी माझी आहे. तो म्हणाला, अर्धी भिंत कशी ठेवणार? मी म्हणालो, ते तुझं तू बघ, तुझी अर्धी घेऊन जा. तो हसला. मी हसलो नाही. पुन्हा येणार आहे, माणसं घेऊन. तोपर्यंत मला हे लिहून संपवायचं आहे आणि आपलं मिटवायचं आहे.

एक ऐक. मी चाखलं.

काल, भिंत वाजून गेल्यावर, कुलूप हलवून परत आल्यावर. शांता आत होती. बशीतून एक चौकोनी खडा उचलला, कानामागच्या काडीवरचं थोडं नखाने काढलं, आणि दोन्ही एकदम जिभेवर ठेवलं. कसं लागलं ते सांगणार नाही. इतकी वर्षं थांबलास, फुकटात उत्तर मिळेल असं समजू नकोस. समोर येऊन विचार. आणि ते तेजाबाचं, विरघळलं की बदललं, त्याचंही उत्तर मला आता येतं. तेही समोर आलास तरच.

आत्ता पाच वाजत आलेत. शांताने चहा ठेवला आहे. मी बशीतले चार खडे घेऊन तळहातावर ठेवले आहेत आणि भिंतीला लागून उभा आहे, हात पुढे धरून. उजव्या हाताने लिहितो आहे, डावा तुझ्याकडे. हवा अशी दमट आहे की खड्यांच्या कडा ओल्या व्हायला लागल्यात. माझ्या हाताच्या घामाने असेल. की तुझ्या? सांगता येत नाही.

घे, मास्तर. हातावरून घे. होऊ दे भांडण.